तेरा मिनिटांचा रंभाजी

भिंगारच्या सहादेव मास्तरांचा उजवा हात लग्नाचा होता आणि डावा मयताचा.

यात गूढ काही नाही. दिवसा ते लष्करी बंगल्यांच्या विजेचं काम करणाऱ्या खात्यात वायरमन होते, आणि लग्नसराईत रजा टाकून 'मयूर ब्रास बँड'चे मास्तर. बँड म्हटला की दोन्ही कामं आली, वरातीचंही आणि शेवटच्या वाटेचंही. भर वाजत्या गर्दीत 'आता अमुक वाजवा' असं ओरडून सांगता येत नाही, म्हणून मास्तरांनी बोटांची पद्धत बसवली होती. उजव्या हाताची तीन बोटं वर गेली की वरातीतला तिसरा नाच. डाव्या हाताची तीन बोटं वर गेली की मयताचा तिसरा अभंग. पहिली फुंकर ट्रम्पेटवाल्या रंभाजीची, आणि बाकी अकरा जणांनी डोळे मिटून रंभाजीच्या मागे जायचं. बँडचे नियम दोनच होते. रंभाजीच्या मागे जायचं, आणि मास्तरांच्या हाताबद्दल बोलायचं नाही.

त्र्याऐंशी साली चिचोंडीकडच्या एका वाडीवर लग्न होतं. नवरदेव घोड्यावरून मांडवाच्या दारात आला, आणि नेमक्या त्याच वेळी नवरीच्या मामाने अगत्याने मास्तरांच्या उजव्या हातात चहाचा कप दिला. बशी नव्हती. चहा असा कढत की कप धरवेना आणि टाकवेना. क्लॅरिनेट बगलेत, कप उजव्या हातात, आणि वरात खोळंबलेली. मास्तरांनी उरलेला हात वर केला आणि तीन बोटं दाखवली.

बाकीच्यांनी बोटं पाहिली. रंभाजीने हात पाहिला.

तो पापभीरू माणूस. हात डावा म्हणजे डावा. त्याने डोळे मिटले आणि अभंग असा लावला, असा लावला, की स्मशानातही कधी लागला नसेल. मागून अकरा जण नियमाप्रमाणे निघाले. घोड्यावरच्या नवरदेवाचा हात सवयीने डोक्याकडे गेला आणि त्याने फेटा काढला. ओट्यावर बसलेल्या त्याच्या आजीने "कोण गं गेलं, बाई?" म्हणून पदर तोंडाला लावला. तिच्या शेजारच्या दोघींनी, कोण गेलं ते नंतर बघू म्हणून, रडायला सुरुवात केली.

अभंग कसाबसा थांबला तेव्हा एकच प्रश्न उठला, "सुरवात कुनी केली?" आणि अकरा बोटं रंभाजीकडे वळली. रंभाजीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी कपात पाहिलं.

तेवढ्यावरही भागलं असतं. पण बाराव्या दिवशी नवरदेवाचे आजोबा गेले. वय एक्याण्णव, आदल्या दिवशी वांग्याच्या भरतावर दोन भाकरी जास्त खाल्लेल्या. पण भरताला कोण दोष देतो? दोष रंभाजीला लागला. आठवड्यात भिंगारभर झालं की हा माणूस अपशकुनी आहे. महिन्यात मास्तरांनीच त्याला निरोप पाठवला, "थोडे दिवस येऊ नकोस. लोक कुरकुरतात."

ते थोडे दिवस चौदा वर्षं चालले.

रंभाजीने बाजाराच्या मागच्या गल्लीत स्टोव्हदुरुस्तीचं दुकान टाकलं. हात चांगला, त्यामुळे स्टोव्ह येत. पण ज्या घरात कार्य असेल त्या घरचा स्टोव्ह त्या महिन्यात भडकला तरी रंभाजीकडे जात नसे. कुणी मुलगी बघायला निघालेलं असलं आणि रंभाजी समोर आला, तर मंडळी घरी परतून, पाणी पिऊन, पुन्हा निघत. शेवटी त्याचा त्यालाच कंटाळा आला. कॅलेंडरवर लग्नतिथींना तो लाल खूण करून ठेवी आणि त्या दिवशी दुकानाबाहेर दिसत नसे. लोक या शहाणपणाचं कौतुक करत. "समजूतदार हाय हो," म्हणत, आणि पलीकडच्या कडेने जात. एका निवडणुकीत मात्र त्याला दोन्ही उमेदवारांनी बोलावून चहा पाजला होता. अर्ज भरायला निघालेल्या दुसऱ्याला त्याने आडवं जावं, एवढीच दोघांची विनंती. रंभाजीने दोघांचाही चहा घेतला आणि दिवसभर दुकान उघडं ठेवलं.

हे सगळं सहादेव मास्तरांना दिसत होतं. ते वाईट माणूस नव्हते. गल्लीतून जाताना ते सायकलवरून उतरत आणि दुकान मागे पडलं की पुन्हा बसत. याला आदर म्हणावं की काय, हे त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं.

ब्याण्णव साली एका बंगल्यावरचे कॅप्टनसाहेब बदलून गेले. जाताना नको असलेल्या सामानाचं खोकं त्यांनी वायरमनला दिलं. त्यात अर्धी बुटांच्या पॉलिशची डबी, एक लंगडा टेबललॅम्प आणि कव्हर नसलेली एक कॅसेट. मास्तरांनी ती मुलाच्या टेपवर लावली, आणि पहिल्यांदा वाटलं की टेप बिघडला. गाणं इंग्रजी. सुरुवात अशी की ढोल-ताशांना घाम फुटावा. मग मध्येच सगळं थांबलं आणि कुणीतरी कानात बोलल्यासारखं गाऊ लागलं. मग पेटीसारखं काहीतरी, पाच मिनिटं नुसतं तेच. मग पळापळ. मग पुन्हा पहिला दणका. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. एकच गाणं, बारा मिनिटं.

"अहो, बंद करा ते," त्यांच्या पत्नी बनाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "म्हैस दूध चोरायला लागलीय शेजारची."

पण मास्तरांच्या जिवाला ते गाणं चिकटलं. इंग्रजी त्यांना 'फ्यूज' आणि 'मेन स्विच'पलीकडे येत नव्हतं. घरात इंग्रजी येणारी एकच, नवी सून माधुरी. श्रीरामपूरची, बी. ए. झालेली. तिने तीन दुपारी टेपपुढे बसून, बटण दाबून दाबून, वहीत शब्द उतरवले. चौथ्या दुपारी सासऱ्यांना बोलावलं.

"मामा, एक नावाडी आहे. लोकांना नदीपार नेतो. पण गावात त्याला कुणी येऊ देत नाही, दार लावून घेतात. आपण वाळीत टाकलेला म्हणतो ना, तसा."

मास्तर सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

"का टाकला वाळीत?"

"तेच कळत नाही. गाणारा म्हणतो, आता सांगतो, आता सांगतो. आणि तिथे पाच मिनिटं पेटीच वाजते."

"त्याला ठाऊक असनार."

"कुणाला?"

"ज्यानं गाणं केलं त्याला. सांगायची लाज वाटली आसंल, म्हनून पेटी वाजवली." मास्तर उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. माधुरीने वही मिटली आणि सासऱ्यांच्या पाठीकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

त्या पावसाळ्यात मास्तरांनी आपलं गाणं बसवलं. सुरुवात वरातीच्या तिसऱ्या नाचाने. तो रंगात आला की एकदम तोडायचा, जिन्याची पायरी चुकावी तसा. मग चार मात्रा काहीच नाही. मग एकट्या ट्रम्पेटवर मयताचा तिसरा अभंग, संथ, सहा मिनिटं. मग हळूहळू नाच आणि अभंग एकमेकांत घुसायचे, भांडायचे, आणि शेवटी एका दमात संपायचे. एकूण तेरा मिनिटं.

"मास्तर," ढोलवाला बन्सी म्हणाला, "ह्या तेरा मिंटांत मी वाजवायचं किती?"

"सात."

"अन् बाकी सहा?"

"उभं ऱ्हायचं."

"नुसतं? ढोल घेऊन?"

"दुःखी तोंड करून."

"ते न सांगता व्हतंय," बन्सी म्हणाला.

ट्रम्पेट आता कानिफनाथकडे होतं. पोरगा चांगला, दम दांडगा. पण अभंग वाजवायचा तो शंख फुंकल्यासारखा. मास्तर डोक्याला हात लावत. तो तुकडा कुणाच्या फुंकरीसाठी बसवलाय हे त्यांना माहीत होतं आणि ते तोंडाने म्हणायचं नव्हतं.

पहिल्यांदा ते वाजलं भिंगारमध्येच, आणि तेही नाइलाजाने. वरात दारात आली तेव्हा आत मानपानावरून व्याही अडले होते. दार उघडेना, बँडचे सगळे नाच वाजून झालेले. नवरदेवाचा चुलता म्हणाला, "मास्तर, कायतरी लांबलचक लावा." मास्तरांनी उजवा आणि डावा, दोन्ही हात वर केले.

नाच सुरू झाला, पोरं उड्या मारू लागली. ती चुकलेली पायरी आली तेव्हा तिघं खरंच पडले. शांतता. मग अभंग. पोरं कमरेवर हात ठेवून उभी राहिली, मग दमली होती म्हणून रस्त्यातच खाली बसली. म्हाताऱ्या माणसांनी टोप्या काढल्या. एका बाईला माहेरचं गेलेलं कुणीतरी आठवलं आणि तिने डोळे पुसले. तिच्या रडण्याने आतल्या विहीणबाई घाबरून दाराशी आल्या, दार उघडलं, मानपान राहिलं बाजूला. तेवढ्यात नाच पुन्हा उसळला आणि सगळी वरात ओल्या डोळ्यांनी नाचत आत शिरली. असं लग्न भिंगारने पाहिलं नव्हतं.

"नाव काय हो ह्या गान्याचं?" चुलत्याने घाम पुसत विचारलं.

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "रंभाजी."

पुढची दोन-तीन वर्षं जिकडेतिकडे तेच. "मास्तर, रंभाजी वाजवा." रुसवा असो, वीज गेलेली असो, नवरीची अंघोळ राहिलेली असो, रंभाजी लावा. आचारी लोकांनी त्याचं माप केलं. "एक रंभाजी झाला की भात उतरव," असं ते म्हणत. श्रीरामपूरच्या एका बँडवाल्याने दोन लग्नं लपून ऐकून ते उचललं. त्याला मधला अभंग जमेना म्हणून त्याने तिथे खुळखुळा घातला. तिकडे पाच मिनिटं खुळखुळा ऐकून लोक रडत.

आणि ज्याच्या नावाने हे चाललं होतं तो मागच्या गल्लीत स्टोव्हला पिना मारत बसलेला. रंभाजी दर लग्नात होता, फक्त रंभाजीला लग्नात येऊ देत नव्हते.

मास्तरांना वाटलं, गाणं ऐकून तो आपणहून येईल. तो आला नाही. मग मास्तरांनी घरचा स्टोव्ह बिघडवला. टाकीला खिळ्याने बारीक भोक पाडलं आणि स्टोव्ह सायकलला लावून गल्लीत गेले. रंभाजीने डाग दिला, चाचणी घेतली, स्टोव्ह परत दिला. बोलणं झालं ते रॉकेलच्या वासावर. महिन्याने पुन्हा भोक, पुन्हा डाग. सहा डाग झाले तेव्हा बनाबाई म्हणाल्या, "अहो, ह्या स्टोव्हाला देवी आल्यात का?"

माधुरी पोळ्या लाटत होती. वर न बघता म्हणाली, "मामा, खिळा मी देवघरातून उचलून ठेवलाय. या वेळी नुसतेच जा."

मास्तर नुसतेच गेले. हात मोकळे, त्यामुळे काय करावं कळेना. स्टुलावर बसले.

"गानं ऐकलंस का?" शेवटी म्हणाले.

"ऐकल्याबिगर ऱ्हानार कसं? घरावरनं जातंय."

"कसं हाय?"

"कानिफ चुलीत फुंकतो तसं फुंकतोय," रंभाजी म्हणाला. "बाकी ब्येस हाय. समदं आलंय. नाच आला, अभंग आला, मी आलो. तुमचा डावा हात तेवढा न्हाई आला."

मास्तरांनी स्टूल जरा पुढे ओढलं.

"परत ये बँडात," म्हणाले.

"येतो की. चार मानसांत सांगा, हात कुनाचा चुकला. दुसऱ्या मिंटाला येतो."

"आरं, मी मास्तर. माझा हात चुकला म्हनल्यावर उद्या मला कोन बोलावंल? तीस वर्षांचं नाव हाय."

"माझं बी हुतं एक," रंभाजी म्हणाला आणि पुढचा स्टोव्ह उचलला.

सत्त्याण्णवच्या वैशाखात भिंगारच्या मंगल कार्यालयात मोठं लग्न होतं. नवऱ्याकडची मंडळी श्रीरामपूरची, खुळखुळ्याला विटलेली. खास अस्सल रंभाजी ऐकायचा म्हणून नवऱ्याच्या बापाने ओळीने पाहुणे आणले होते. आणि सकाळीच कानिफनाथ आला तो गाल फुगवून. गाल ट्रम्पेटने नव्हे, अक्कलदाढेने फुगला होता. त्याला 'मास्तर' एवढंही म्हणता येत नव्हतं.

मास्तर मांडवाच्या खांबाला टेकून उभे राहिले. मग त्यांनी बन्सीला सायकल दिली.

अर्ध्या तासाने रंभाजी, अट तेवढ्यापुरती बाजूला ठेवून, फाटकाशी आला. धुतलेला सदरा, बगलेत धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं स्वतःचं ट्रम्पेट. फडकं सुटलं तेव्हा पितळ असं लखलखलं की बन्सीने डोळ्यांवर हात धरला. चौदा वर्षं हा माणूस ते घासतच होता.

पण फाटकात नवरीची आत्या राहीबाई पाहुण्यांना अत्तर लावत उभी होती. तिने अत्तरदाणीच आडवी धरली.

"तुमी कुठं?"

"बोलावलंय."

"इथनं म्होरं न्हाई. पोरीचं लगीन हाय, भाऊ. तुमाला समजतं ते."

आत नवऱ्याचा बाप कंठशोष करत होता, "रंभाजी लावा की, रंभाजी! मानसं कवाची थांबल्यात." आणि फाटकात राहीबाई रंभाजीला हलू देत नव्हती.

रंभाजी हसला. "गान्याला घ्या आत, आत्याबाई. मी जातो." त्याने फडकं पुन्हा गुंडाळायला घेतलं, आणि ते घाईने नव्हे, कोपरा कोपऱ्याला जुळवून.

मास्तर ते बघत होते. चौथा कोपरा जुळायच्या आत ते मांडवात गेले. तिथे एकजण माइकवर आहेर वाचत होता. त्याच्या हातातून माइक घेतला.

"मंडळी," मास्तर म्हणाले, "मयूर ब्रास बँडची स्थापना एकोनीसशे अडुसष्ट साली झाली. त्या वक्ताला आमच्याकडं फकस्त दोन ढोल..."

"मामा, हाताचं," बायकांतून माधुरीचा आवाज आला.

मास्तर थांबले. कपाळ पुसलं.

"त्र्याऐंशी साली जे लगीन नासलं, त्यात रंभाजीची चूक नव्हती. मी डावा हात दावला. माझ्या उजव्यात च्या हुता. त्यानं बरोबर वाजवलं. चुकलो मी, अन् चौदा वर्सं गप बसलो मी. झालं."

मांडवात मागची जिलबी तळल्याचं ऐकू येऊ लागलं. आता काय होईल, लोक माफ करतील की शिव्या देतील, हे मास्तरांना कळेना. राहीबाई मात्र व्यवहारी बाई. तिने मनातल्या मनात हिशेब जुळवला आणि फाटकातूनच विचारलं, "म्हंजे अपशकुनी तुमी हायसा?"

"तसं म्हना."

"मग तुमी बाहेर व्हा. अन् ह्यास्नी आत येऊ द्या. मुहूर्त जवळ आलाय."

कुणालाच यात वावगं वाटलं नाही. वरमाई म्हणाल्या, खरंच की. दोघा कार्यकर्त्यांनी मास्तरांना अदबीने, कोपराला धरून, फाटकाबाहेर आणून सोडलं. वाटेत रंभाजी समोरून आत येत होता. राहीबाईने त्याच्या मनगटाला अत्तर लावलं, आणि चौदा वर्षांचं राहिलेलं म्हणून की काय, दुसऱ्याही मनगटाला लावलं.

मास्तर रस्त्याकडेला चपलांच्या ढिगाजवळ उभे राहिले. आतून नाच सुरू झाला. थांबला. चार मात्रा. आणि मग अभंग लागला. मास्तरांना वाटलं होतं आपल्याला रडू येईल, म्हणून त्यांनी रुमालही काढून ठेवला होता. पण अभंग सुरू होतोय तोवर नाच परत आला. दोन मिनिटांत. त्यांनी घड्याळ पाहिलं, कानाला लावलं. आत माणसं शिट्ट्या मारत होती. तेरा मिनिटांचं गाणं नऊ मिनिटांत संपलं.

माधुरी ताट घेऊन बाहेर आली तेव्हा सासरे रागाने लाल झाले होते. "चार मिंटं खाल्ली माझी. चार."

"जेवा आधी," माधुरी म्हणाली. "आतही तुमच्याबद्दलच चाललंय. पुढच्या लग्नाला तुम्हाला बोलवायचं की नाही, यावर दोन पंगती झाल्या."

मागोमाग रंभाजी आला, हातात स्वतःचं ताट. चपला सरकवून मास्तरांच्या शेजारी बसला आणि जिलबी मोडली.

"काय रं, अभंग कुठं गेला माझा?"

"तोडला."

"का म्हनून? तिथंच तर सारं दुःख हाय तुझं. सहा मिंटं."

"माझं?" रंभाजी जिलबी चघळत म्हणाला. "मास्तर, चौदा वर्सांत मी सहा मिंटं सलग रडलो न्हाई कवा. कामं हुती. गिऱ्हाइकं यायची. हसायचो बी लई, लोकं रस्ता सोडून पळायची तवा. ते सहा मिंटांचं रडगानं तुमचं हुतं, माझ्या नावावर घातल्यालं."

मास्तरांनी भात कालवला. मग मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावली आणि खाली ठेवली.

"शनिवारी बुऱ्हाणनगरला लगीन हाय," रंभाजी म्हणाला. "मी आन् बन्सी म्होरं जातो. तुमी मागनं या, वढ्याच्या वाटंनं. त्या अंगाला पान्याची टाकी हाय, तिच्या सावलीत बसलं की झ्याक ऐकू येतंय."

"तुला काय म्हाईत?"

"त्या गावात बारा लग्नं ऐकल्यात मी तिथनं."

"आन् मास्तर कोन? बोटं कोन दावनार?"

"दावतो मी. तुमी टाकीपाशी बसून ऐका. चुकलो तर सांगा."

"सांगनार," मास्तर म्हणाले. "अन् निदान तीन मिंटं कर तो अभंग. दोन मिंटांत कुनाच्या डोळ्याला पानी येत न्हाई."

"अडीच," रंभाजी म्हणाला.